जामच्या काठचे गोटे

गेल्या फाल्गुनात आम्हांस एक पत्र आले. पत्र म्हणजे अर्थातच दूरध्वनीच्या पडद्यावर उमटलेला मजकूर. परंतु लिहिणाऱ्याने आरंभी 'ती. गुरुजींस सा. न.' असे घातले असल्यामुळे आम्ही त्यास पत्रच म्हणतो. लिहिणारा आमचा पांढुर्ण्याचा जुना विद्यार्थी. नोकरीनिमित्त गेली बारा-तेरा वर्षे अमेरिकेतील टेक्सास प्रांतात त्याचे बिऱ्हाड आहे. घरची खुशाली, मुलांचा अभ्यास वगैरे झाल्यावर त्याने लिहिले होते, "सर, सध्या मॅगझिन निवडण्याच्या खटपटीत आहे. तीन प्रकारची आणून पाहिली. एक महाग पण भरवशाचे, दुसरे स्वस्त पण मधेच अडते. तिसऱ्याचे अजून सांगता येत नाही."

आम्ही पडलो मराठीचे शिक्षक. मुलगा परदेशात राहून वाचनाचा विचार करतो आहे, ह्या आनंदात आम्ही त्यास सविस्तर उत्तर धाडले. घरात मुलांसाठी एक आणि मोठ्यांसाठी एक, अशी दोन मासिके असावीत. किंमत पाहून मासिकाची योग्यता ठरत नसते. आणि जे मधेच अडते, त्याच्या संपादकाच्या अडचणी ध्यानात घेऊन वर्गणीदाराने थोडा धीर धरावा, असा त्या उत्तराचा मथितार्थ होता. उलट टपाली एक हसरा चेहरा आला आणि त्यामागून एक छायाचित्र. काळीभोर, हातभर लांबीची चपटी पेटी, आणि तिच्या तोंडाशी पितळेची चकाकणारी काडतुसे!

आमची फजिती झाली खरी. पण ती सर्वस्वी आमचीच नव्हे, शब्दाचीही आहे. कोठार ह्या अर्थाच्या 'मखजन' ह्या अरबी शब्दापासून युरोपीय भाषांनी 'मॅगझिन' घडविला. आपला 'खजिना' त्याच धातूच्या कुळातला. आधी मालाचे कोठार, मग दारूगोळ्याचे कोठार, मग बंदुकीच्या पोटातली गोळ्यांची पेटी, असा तो शब्द संकोचत गेला. लंडनमध्ये १७३१ साली एडवर्ड केव्ह ह्याने आपल्या नियतकालिकास 'जंटलमन्स मॅगझिन' असे नाव दिले, तेव्हा त्याच्या मनात माहितीचे कोठारच होते. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली मराठीतले पहिले मासिक काढले, त्याचे नाव मात्र 'दिग्दर्शन' ठेवले. त्यांनी कोठार म्हटले नाही, दिशा म्हटले, ह्याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटत आले आहे.

असो. पोळ्याला गावी येतो, तेव्हा सगळे समजावून सांगेन, असे त्याने कळविले, आणि श्रावण सरता सरता तो खरोखरच आला. नागपूरच्या विमानतळावर आम्ही त्यास घेतले आणि सावनेरच्या वाटेने सौंसरकडे निघालो.

महाराष्ट्राची हद्द ह्या वाटेवर कधी ओलांडली जाते, ते दुकानांच्या पाट्या वाचल्या तरच कळते. माणसांच्या बोलण्यावरून मुळीच कळत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला; त्यासोबत सौंसर आणि पांढुर्णा ह्या तहसिलीही राहिल्या. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरात ह्याच दोन तहसिली मिळून पांढुर्णा नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला. शाळेतली भाषा हिंदी, कचेरीतली हिंदी. पण आजी नातवाला दामटून निजवते ती मराठीतच. आम्ही पस्तीस वर्षे हिंदी फळ्यासमोर उभे राहून मराठी डोळ्यांशी बोललो आहोत. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको.

सौंसरचे नाव जगातल्या एका शास्त्राला ठाऊक आहे, हे सौंसरकरांपैकी फार थोड्यांस माहीत असते. छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट ह्या पट्ट्यातल्या अतिप्राचीन रूपांतरित खडकांना भूशास्त्रज्ञ 'सौंसर गट' म्हणतात, आणि आपल्याकडचे मँगनीज बव्हंशी त्याच खडकांतून निघते. पांढुर्ण्याकडे जावे तसतसा हा खडक मागे पडतो आणि दख्खनचा काळा बेसाल्ट सुरू होतो. बेसाल्ट आकाराच्या मानाने जड असतो, आणि नदीत घोळून आला की त्याचे कंगोरे जाऊन अंडाकृती गोटा तयार होतो. हे भूगोलाचे ज्ञान आम्ही येथे उगीच दिलेले नाही.

वाटेत दुतर्फा संत्र्याच्या बागा लागल्या. आंबिया बहराची हिरवी फळे पानांशी रंग मिळवून लपली होती. जामसावळीला निद्रिस्त मारुतीचे दर्शन घेतले. सौंसरच्या स्थानकाजवळून जाताना आमच्या सोबत्याने गाडी थांबवावयास लावली. छिंदवाड्याहून नागपूरला जाणारी छोटी रेल्वे २०१५ साली बंद झाली आणि तिच्या जागी आता रुंद रूळ आले आहेत. "आजोळाहून परतताना ह्या गाडीतून उतरून चालत चालत पुन्हा चढता येत असे, सर," तो म्हणाला. ही अतिशयोक्ती होय. पण फारशी नव्हे.

त्या रात्री सौंसरला त्याच्या वडिलांच्या घराच्या गच्चीवर बसून त्याने आम्हांस मॅगझिनची गोष्ट सांगितली.

तिकडे आठवड्याच्या सुट्टीस तो एका नेमबाजीच्या स्पर्धेत भाग घेतो. बंदूक खांद्याला लावण्याची, परंतु काडतूस पिस्तुलाचे, नऊ मिलिमीटरचे. पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसत आलेली कानपूरची कार्बाइन वाचकांनी पाहिली असेल. डाव्या बाजूस आडवे, वाकडे, चौतीस गोळ्यांचे मॅगझिन असलेली ती बंदूक जातीने ह्याच कुळातली. मात्र स्पर्धेतल्या बंदुकीतून घोडा एकदा ओढला की एकच गोळी सुटते. आपल्या देशात नऊ मिलिमीटरचा बोअर सामान्य नागरिकांस निषिद्ध असल्यामुळे हा खेळ येथे रुजलेला नाही. आपल्या नेमबाजांची कीर्ती निराळ्या प्रकारांतली. अंजली भागवत २००२ साली म्यूनिचला विजेत्यांची विजेती ठरली, कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे ह्याने २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर रायफलचे कांस्यपदक आणले. त्या रायफलीत गोळी एकेक करून घालावयाची असते. तेथे मॅगझिनचा प्रश्नच उद्भवत नाही.

टेक्सासातल्या खेळात तो पदोपदी उद्भवतो. मैदानात भिंती, खिडक्या, पिंपे मांडलेली असतात. त्यांच्या आडून पुठ्ठ्याची लक्ष्ये आणि लोखंडी पत्रे डोकावत असतात. शिट्टीसारखा आवाज झाला की खेळाडूने धावत, वाकत, एकेका ठिकाणावरून ती टिपावयाची. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागावयाचे, आणि येईल तो भागाकार म्हणजे त्याचे यश. गणिताच्या शिक्षकाला हा खेळ आवडावा.

"मोठ्या फेरीत बत्तीसपर्यंत गोळ्या लागतात, सर," तो सांगू लागला. "तेव्हा तेहतीसचे मॅगझिन कागदावर पुरते. पण एखादा पत्रा चुकला, पुन्हा मारावा लागला, की शेवटच्या लक्ष्यापाशी हात रिकामा. मग धावता धावता मॅगझिन बदला. त्यात दोन सेकंद गेले, म्हणजे त्या फेरीतून बाहेर गेल्यासारखेच. म्हणून लोक बुडाशी जोड लावून चाळीसच्या वर गोळ्या मावतील असे करून घेतात."

"मग तसेच घ्यावे. त्यात निवड ती कसली?" आम्ही विचारले.

तो हसला. पेटी लांबविली की आतली कमानही लांब आणि जोरकस हवी. एरवी खालच्या गोळ्या वर येताना रेंगाळतात. एक काडतूस सुमारे बारा ग्रॅमचे. चाळीस म्हणजे जवळजवळ अर्धा किलो, तेही बंदुकीच्या पोटाखाली लोंबणारे. धावताना ते झोके घेते, आणि आडवे पडून नेम धरावयाचा प्रसंग आला तर जमिनीला टेकते. त्यातून पेटी तोंडापर्यंत ठासून भरली तर बंदुकीच्या खोबणीत ती नीट बसत नाही. वरून दाब येतो, बसली असे वाटते आणि पहिल्याच गोळीनंतर हातात येते. म्हणून हा गृहस्थ नेहमी एक गोळी कमी भरतो.

पण खरी मेख मापाची. कुठलेही मॅगझिन कुठल्याही बंदुकीस चालत नाही. बंदूक ज्या घडणीची, त्याच घडणीची पेटी हवी, म्हणजे बंदूक घेण्याआधीच मॅगझिनचा विचार करावयाचा. काही बंदुकांना ग्लॉक पिस्तुलाची मॅगझिने बसतात. ती स्वस्त, प्लास्टिकची असून आतून पोलादी अस्तर असलेली, आणि तिकडच्या पुष्कळ पोलिसांकडे तेच पिस्तूल असल्यामुळे कोठेही मिळणारी. त्यांत गोळ्या खाली दोन रांगांत असतात आणि वर येता येता त्यांची एकच रांग होते. सिनेमागृहाच्या अरुंद दारातून गर्दी शिरावी तशी. दुसरी कोल्ट घडणीची, सरळ, पोलादी, बत्तीसची. तिच्यात दोन्ही रांगा तोंडापर्यंत येतात आणि डावी-उजवी गोळी आळीपाळीने सुटते. ती हाताने भरावयास सोपी, कारण शेवटच्या गोळ्यांना अंगठ्याचा जीव काढावा लागत नाही. काही बंदुकांना त्यांच्या कारखान्याचीच पेटी लागते. ती मिळेनाशी झाली की बंदूक शोभेची.

शेवटी सगळे येऊन ठेपते ते पेटीच्या ओठांवर. गोळी जेथून निसटते तो वरचा काठ, त्याला ते ओठच म्हणतात. ते केसभर फाकले की गोळी वाकडी जाते आणि बंदूक अडते. रेतीवर पडलेली पेटी खोलून, घासून, पुन्हा जोडावी लागते. आमच्या विद्यार्थ्याने प्रत्येक पेटीवर पांढऱ्या रंगाने क्रमांक घातले आहेत आणि एक वही ठेवली आहे. कुठली, कोणत्या दिवशी, कितव्या गोळीला अडली, ह्याची नोंद होते. दोनदा अडली की ती स्पर्धेतून बाद, केवळ सरावापुरती. नव्या पेटीतून दोनशे गोळ्या विनातक्रार गेल्याखेरीज तिला स्पर्धेत नेत नाही. ती वही आम्ही पाहिली. शाळेचे हजेरीपत्रक इतके स्वच्छ ठेवणारा शिक्षक आम्हांस सबंध नोकरीत भेटलेला नाही.

कॅलिफोर्नियात दहाच्या वर गोळ्यांची पेटी विकण्यास कायद्याने मनाई आहे, न्यू जर्सीत २०१८ पासून मर्यादा दहाचीच. टेक्सासात तशी मर्यादा नाही. एकाच देशात हद्द ओलांडली की पेटीचे माप बदलते. हद्दीवर राहणाऱ्या आम्हांस त्यात नवल वाटले नाही.

"आणि नियम?" आम्ही विचारले. आम्ही काही वर्षे शाळेत एन.सी.सी.चे अधिकारी होतो. पॉइंट टू-टू रायफलीने पालथे पडून पाच गोळ्या मारावयाच्या आणि मग कागदावरच्या भोकांचा घोळका मोजावयाचा, एवढी आमची नेमबाजी. पण तेथे नियमाबाहेर बोट हलविण्याची कोणाची छाती नसे.

"नळीचे तोंड ठरावीक रेषेच्या मागे वळले की त्याच क्षणी घरी. वाद नाही. लक्ष्यांच्या मागे मातीचा उंच बांध. आणि चष्मा घातल्याशिवाय मैदानाच्या फाटकातही पाऊल टाकता येत नाही. खेळणाऱ्याने नव्हे, नुसत्या पाहणाऱ्यानेही."

चष्म्याचे नाव निघताच आम्ही दोघेही गप्प झालो. ह्या मुलाचा डावा डोळा पंचवीस वर्षांपूर्वी गेलेला आहे. उजेड आहे की अंधार, एवढेच त्याला कळते. नेमबाजीस एकच डोळा पुरतो, असे तो थट्टेने म्हणतो. आम्हांस त्या थट्टेवर कधी हसता आलेले नाही, आणि त्याचे कारण पुढे येईल.

पोळ्याच्या दिवशी दुपारी, तोरणाखालचे बैल पाहून आणि पुरणपोळीचे जेवण करून, आम्ही पांढुर्ण्यास त्याच्या बहिणीच्या घरी गेलो. मुंबई-पुण्याच्या वाचकांस पोळ्याचा पाडवा म्हणजे लहान मुलांचा तान्हा पोळा, लाकडी बैलांची मिरवणूक, एवढेच ऐकून ठाऊक असावे. पांढुर्ण्यात त्याच दिवशी गोटमार असते. पांढुर्णा आणि सावरगाव ह्यांच्या मधून जाम नदी वाहते. सावरगावकर पळसाचे झाड आणून पात्राच्या मध्यभागी रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, पूजा होते. आणि मग दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगडांचा वर्षाव सुरू होतो. पांढुर्णेकरांनी त्या माऱ्यातून कुऱ्हाडीने झाड तोडावयाचे आणि झेंडा चंडीमातेच्या देवळात न्यावयाचा. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून आणताना दोघेही नदीत दगडांखाली मेले, अशी एक कथा सांगतात. भोसल्यांच्या सैन्याचा हा सराव होता, अशी दुसरी. कथा कोणतीही असो, दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि कित्येक घरांनी ह्या दिवशी माणूस गमावले आहे. १९७८ आणि १९८७ साली जमाव पांगविण्यासाठी पोलिसांना गोळीबार करावा लागला, आणि त्यातही माणसे गेली. मध्यंतरी प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले. लोकांनी ते पोरांना खेळावयास नेले आणि दगड उचलले.

बहिणीच्या घरी ओसरीवर एक सिमेंटची पोती कापून शिवलेली पिशवी होती. पंधरा वर्षांचा भाचा ती पायाने कोपऱ्यात सारत होता. मामाने ती उचलून पाहिली आणि काही न बोलता ओट्यावर ओतली.

एवढ्यात शेजारचे एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले. तारुण्यात हे गोफणीचे नामांकित खेळाडू. ज्वारीच्या राखणीसाठी जी गोफण शेतकरी वापरतो, तीच गोटमारीत आली की दगड दुप्पट लांब जातो आणि येताना दिसत नाही. म्हणून प्रशासन तिच्यावर दरवर्षी बंदी घालते. म्हाताऱ्यांनी ओट्यावरचे गोटे एकेक करून चाचपले. त्यांनी जे सांगितले ते ऐकून आमच्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले, ते आम्ही विसरणार नाही.

"हे मोठे कायले आनले? चार फेकले का खांदा गेला," त्यांनी भाच्याला फटकारले. "गोटा हातात बसला पायजे, हात गोट्यात नाई. आन सगळे एका मापाचे पायजेत. एक हलका, एक जड, तं नेम लागत नाई. चपटा घेऊ नोको, तो वाऱ्यावर फिरते. गोफणीले लिंबाएवढा, गोल. खदानीतला नोको, नदीतला. खदानीतला दोरीले कापते, आन मधेच सुटते." पिशवी गळ्यात डाव्या बाजूस बांधावी, फार भरू नये, कारण भरली की वाकता येत नाही आणि पळताना ती पोटावर आदळते, तीस गोटे पुरे, पाठीमागे दुसरा पोरगा भरलेली पिशवी घेऊन उभा असावा, हेही त्यांनी सांगितले.

माप, वजन, भरण, अदलाबदल, मधेच अडणे. आदल्या रात्री सौंसरच्या गच्चीवर ऐकलेला सगळा पाठ पांढुर्ण्याच्या ओट्यावर वऱ्हाडी बोलीत पुन्हा म्हटला जात होता. कारागिरी तीच, वहीदेखील तीच, फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्यात लिहिलेली. आम्ही आमच्या विद्यार्थ्याकडे पाहिले. त्याने एक गोटा उचलून तळहातावर तोलला. काळा, गुळगुळीत, अंडाकृती. तो त्याच्या हातात नेमका बसला होता.

"मामा, तुमच्या तिकडच्या टार्गेटमागं काय असते?" भाच्याने विचारले.

"मातीचा बांध."

"आन बांधामागं?"

"काही नाही. मोकळे रान."

भाचा थोडा वेळ ओट्यावरच्या गोट्यांकडे पाहत राहिला. म्हातारे तपकीर ओढून म्हणाले, "आमच्या पोरायच्या मागं सावरगाव असते." त्यांच्या एका मुलीचे सासर सावरगावचे आहे.

आता ते कारण. पंचवीस वर्षांपूर्वी, आमचा हा विद्यार्थी नववीत होता त्या वर्षी, आम्ही गोटमार पाहावयास पांढुर्ण्याच्या काठावर उभे होतो. शाळेतल्या मुलांनी जाऊ नये, असे आदल्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी आम्हीच सांगितले होते. मुलांत तो उत्तम नेमबाज, एन.सी.सी.च्या सरावात त्याच्या पाच गोळ्या एका बंद्या रुपयाखाली झाकल्या जात, आणि आम्ही चारचौघांत त्याचे कौतुक करीत असू. त्या दिवशी तो काठाच्या पुढच्या रांगेत होता. त्याने मागे वळून पाहिले, त्याची आमची नजरानजर झाली. आम्ही त्यास परत बोलाविले नाही. त्याचा हात फार सुरेख फिरत होता, आणि पुढचा गोटा कोठे पडतो ते पाहावे, असे आम्हांस वाटले. तो आमच्याकडे पाहून हसला, पुन्हा वळला, आणि समोरून आलेला गोटा त्याला दिसला नाही. त्याला नागपूरला नेले. पुढे एन.सी.सी.चे काम आम्ही सोडले. कारण म्हणून प्रकृती लिहिली. ही हकीकत आम्ही इतकी वर्षे कोणास सांगितलेली नव्हती, त्यालाही नाही. त्याला ती ठाऊक आहेच, हे त्या रात्री कळले.

"सर, तुम्ही हाक मारली असती तरी मी आलो नसतो," निजण्यापूर्वी तो सहज म्हणाला. ह्याने आमचे समाधान व्हावे, अशी त्याची इच्छा असावी.

सकाळी दारोदार पळसाच्या डहाळ्या लागल्या होत्या. मामाने आपल्या सामानातून एक चष्मा काढला. न फुटणाऱ्या काचांचा, कानशिलांपर्यंत वळलेला, मैदानावर घालतात तो. तो त्याने भाच्यासाठीच आणला होता. "जायचे की नाही ते तू ठरव. पण हा काढायचा नाही," एवढेच तो म्हणाला. आमच्यातल्या मुख्याध्यापकाला हे पटले नाही. मुलाला घरात कोंडावे, असे आमचे मत होते आणि ते आम्ही बोलून दाखविले. बहीण म्हणाली, "गुरुजी, याच्या मामालेबी कोंडलं होतं. खिडकीतून गेला."

दुपारी आम्ही ओळखीच्या एका गच्चीवरून पाहत होतो. दोन्ही काठांवर वैद्यकीय पथके, रुग्णवाहिका, पोलीस. मध्ये पावसाने गढुळलेले जामचे पाणी, आणि त्यात उभा तो पळस, त्याच्या झेंड्याची टोके भिजून चिकटलेली. दगड पडत असताना आवाज कसा येतो, हे ज्याने ऐकले नाही त्यास सांगता येणार नाही. टाळ्यांसारखा येतो. भाचा आमच्या शेजारी होता. चष्मा घातलेला, हात कठड्यावर. मामा पाठीमागे हात बांधून उभा होता आणि अधूनमधून, अगदी अभावितपणे, कोणाचा गोटा कोठे पडला ते पुटपुटत होता. "कमी पडला... वाऱ्याने नेला... हा बरोबर." बरोबर म्हणजे काय, हे ध्यानात येऊन तो गप्प झाला.

केव्हातरी भाचा गच्चीवर नव्हता. आम्ही कोणीच बोललो नाही. पाऊण तासाने तो जिन्यातून वर आला. पायजमा गुडघ्यांपर्यंत ओला, श्वास लागलेला. पिशवी त्याच्याजवळ नव्हती. ती तर सकाळपासून ओट्याखालीच होती. मामाने हात पुढे केला. भाच्याने चष्मा काढून दिला. मामाने तो उजेडात धरला, फिरविला, एकेक काच अंगठ्याने पुसली. आदल्या दिवशी आम्हांस पेटीचे ओठ कसे तपासतात ते दाखविताना त्याची मुद्रा होती, तीच आता होती. डाव्या काचेच्या कडेला एक बारीक चरा होता. तो कालचा, आजचा, की प्रवासातला, ते त्याने विचारले नाही. चष्मा परत दिला आणि म्हणाला, "चल, आई जेवायची थांबली असेल."

झेंडा संध्याकाळी उशिरा देवळात गेला. रात्री शेजारच्या म्हाताऱ्यांकडे सावरगावहून मुलीचा फोन आला. जावयाच्या कपाळाला चार टाके पडले होते. म्हातारे ओट्यावर बसून बराच वेळ तपकिरीची डबी उघडझाप करीत राहिले.

परवा टेक्सासहून पत्र आले. मॅगझिने ठरली, ग्लॉक घडणीचीच, बुडाशी जोड घालून. सहा घेतली आहेत. क्रमांक चारचे सरावात एकदा अडले आहे, दुसऱ्यांदा अडेपर्यंत त्याला संधी द्यावयाची असा विचार आहे. भाच्याने तशाच आणखी एका चष्म्याची मागणी केली आहे. कोणासाठी, ते लिहिलेले नाही. आणि मुलांसाठी मराठी मासिक कोणते घ्यावे, ह्याविषयी आम्ही फाल्गुनात जे लिहिले होते, ते पुन्हा पाठवावे, मागचे पुसले गेले, असेही शेवटी आहे.